लंडनहून वेणू चितळे

1933 साली बीबीसीने शीला बॉरेट यांना निवेदिका म्हणून माइकसमोर बसवलं आणि तक्रारींच्या पत्रांचा पाऊस पडला. बाईने बातम्या वाचायच्या, हे अनेक श्रोत्यांना पचलं नाही. काही महिन्यांतच बॉरेट यांना थांबवण्यात आलं.

सात वर्षांनी त्याच बीबीसीत कोल्हापूरकडच्या शिरोळची एक तरुणी दाखल झाली. वेणू दत्तात्रेय चितळे 1934 मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या होत्या. महायुद्ध पेटलं तेव्हा तिथेच होत्या. 1941 मध्ये जॉर्ज ऑर्वेल भारतासाठीच्या कार्यक्रमांचे निर्माते झाले आणि वेणूताई त्यांच्या सहायक.

त्या काळातलं भाषण म्हणजे तारेवरची कसरत. मजकूर आधी लिहून द्यायचा. तो दोनदा तपासला जाई, एकदा सुरक्षेसाठी, एकदा धोरणासाठी, आणि दोन्ही शिक्के पडले तरच स्टुडिओत पोचे. तिथेही एक जण कागदावर नजर ठेवून, हात स्विचवर ठेवून बसलेला असे. वक्ता मजकूर सोडून बोलू लागला की प्रक्षेपण बंद! शब्दही न बदलता वाचायचं, तरी ऐकणाऱ्याला गप्पा वाटल्या पाहिजेत. कसब लागतं ते इथे.

शिवाय बाहेरचं वास्तव बिकट होतं. बर्लिनहून सुभाषबाबू भारतीयांना साद घालत होते, ऑगस्ट 1942 मध्ये देशातले नेते तुरुंगात गेले. आणि लंडनच्या माइकवरून भारताशी बोलायचं होतं. असं ओझं वाहून काम करणाऱ्या भारतीयांची कदर आपल्याकडे फारशी झालेली नाही.

‘थ्रू ईस्टर्न आइज’ या मालिकेत वेणूताई बोलत. ‘द किचन फ्रंट’वर त्यांनी ब्रिटिश गृहिणींना भारतीय शाकाहारी पदार्थ सांगितले, मटण रेशनवर मिळत असताना तो सल्ला निव्वळ हौसेचा नव्हता. 1942 मध्ये ‘व्हॉइस’ या काव्यकार्यक्रमाच्या वेळी काढलेल्या छायाचित्रात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबत त्या दिसतात. जमैकाच्या ऊना मार्सनही तिथेच आहेत; बीबीसीतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला निर्मात्या.

ऑर्वेलच्या चरित्रांत मात्र वेणूताई बहुधा ‘सेक्रेटरी’ म्हणून एखाद्या ओळीत येतात. हे अपुरं आहे. माइकपुढचं काम त्यांचं स्वतःचं होतं, आणि लेखणीही. भारतात परतल्यावर 1950 मध्ये पुण्यातल्या एकत्र कुटुंबावरची त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी मुंबईत प्रसिद्ध झाली. लग्नानंतर त्या लीला खरे झाल्या. 1995 मध्ये त्यांचं निधन झालं.