राउटर पाहावा घेऊन!

मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराला कॉफीच्या रांगेत उभं राहिलं, की आम्हा इंजिनिअर मंडळींना एक प्रश्न हटकून येतो, "राउटर कुठला घेऊ हो?" विचारणारा बहुधा दुकानातला सर्वात महागडा, आठ अँटेनांचा, उलट्या पडलेल्या कोळ्यासारखा दिसणारा डबा बघून आलेला असतो. मित्रहो, त्याआधी घरीच एक प्रयोग करून पाहावा.

लॅपटॉप तारेने थेट मोडेमला जोडा (मोडेम एकदा बंद करून चालू करावा लागतो) आणि वेग मोजा. कंपनीने कबूल केलेल्या वेगाच्या जवळपास आकडा आला, तर टाकीत पाणी आहे, घोळ घरातल्या नळाचा आहे. तिथेच आकडा पडलेला असेल, तर नवा राउटर आणून काही उपयोग नाही. आधी मोडेम आणि बाहेरची लाइन तपासून घ्या.

वेगाचीही आपल्याला उगाच हाव असते. नेटफ्लिक्सचा फोर-के सिनेमा बघायला १५ मेगाबिट पुरतात, व्हिडिओवर बोलायला त्याहून कमी. म्हणजे ३०० मेगाबिटांत चौघांचं घर आरामात चालतं. पुण्याच्या आजीचा चेहरा बोलता बोलता गोठतो, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की सिग्नल वरच्या बेडरूमपर्यंत पोचलेलाच नसतो.

आता घर बघा. अमेरिकेतल्या घरांच्या लाकडी सांगाड्याच्या, ड्रायवॉलच्या भिंती सिग्नलला फारशा आड येत नाहीत. आड येतात त्या दुसऱ्याच गोष्टी: फायरप्लेसची विटांची चिमणी, फर्नेसचे पत्र्याचे डक्ट, जुन्या घरांतल्या प्लास्टरमागची लोखंडी जाळी, मोठा आरसा. आणि आपण राउटर ठेवतो कुठे, तर केबलवाल्याने तार जिथे आणून सोडली तिथे, बेसमेंटच्या कोपऱ्यात, वॉटर हीटरशेजारी! देवघराला ईशान्येचा कोपरा चालतो, राउटरला कुठलाच कोपरा चालत नाही. घराच्या मध्यावर, उंचावर, मायक्रोवेव्हपासून लांब ठेवून बघा. कित्येकांची खरेदी इथेच टळेल.

दुमजली घर आणि खाली बेसमेंट, असा प्रकार असेल तर मात्र दोन-तीन डब्यांची मेश पद्धत घ्यावी. हे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील, तर निम्मा वेळ आपापसातल्या गप्पांतच जातो (आपल्या कमिटी मीटिंगसारखं). शक्य असेल तर ते तारेने जोडा. भिंतीतून टीव्हीची जुनी कोॲक्स केबल गेली असेल, तर 'मोका' नावाचे ॲडाप्टर लावून तीच वापरता येते. भिंती फोडाव्या लागत नाहीत. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

वाय-फाय ६ की ७? ७ चं प्रमाणपत्र जानेवारी २०२४ पासून मिळू लागलं. ६-ई आणि ७ यांना ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा वापरता येतो. अमेरिकेत तो एफसीसीने २०२० मध्ये खुला केला. तिथे गर्दी कमी, पण भिंतीपलीकडे तो सिग्नल लवकर क्षीण होतो, आणि फोन-लॅपटॉपही तसेच नवे लागतात. बहुतेकांना चांगला ६ पुरेसा आहे. खोक्यावरचा प्रचंड वेग ही सगळ्या पट्ट्यांची बेरीज असते, तो एका फोनला कधीच मिळत नाही.

भाड्याचाही हिशेब करावा. महिना १५ डॉलर म्हटलं तरी वर्षाचे १८० होतात. कंपनीचं यंत्र परत केल्यावरही भाडं लावत राहायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे, पण यंत्र परत दिल्याची पावती जपून ठेवा. केबल असेल तर मोडेम कंपनीच्या मान्य यादीतलाच हवा. त्याच डब्यावर घरचा फोन चालत असेल, तर फोनचं भोक असलेला.

आणि ज्याकडे कोणी बघत नाही ती गोष्ट, सुरक्षा. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला. ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं, मुख्यतः घरांतले आणि छोट्या ऑफिसांतले राउटर, त्याने पछाडली होती. एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. आपली बँक, टॅक्सचे कागद, आईवडिलांचे रिपोर्ट, सगळं याच डब्यातून जातं. तेव्हा विकत घेण्यापूर्वी एवढं विचारा, की सुधारणा आपोआप उतरतात का, आणि त्या किती वर्षं मिळणार? याचं उत्तर न देणारा डबा स्वस्त असला तरी घेऊ नये. डब्ल्यूपीए-३ हवंच. पाहुणे, स्वस्तातले कॅमेरे आणि 'स्मार्ट' दिवे यांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या.

जुना राउटर रिसायकलिंगला देताना मागच्या छिद्रात टाचणी दाबून धरा आणि फॅक्टरी रिसेट करा. घरचा पासवर्ड त्यात तसाच पडून असतो.