शिंपल्यातला पेट्रोल पंप

सबमिशन संपलं त्या दिवशी आमची गँग अंबरनाथच्या शिवमंदिरात गेली. इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं हे देऊळ. काळ्या दगडातलं कोरीवकाम बघतच राहावं असं. मूर्ती मात्र बऱ्याच ठिकाणी झिजल्यात. आमच्यातला एक सिव्हिलवाला म्हणाला, "त्यात काय, सिमेंट भरायचं, वर ऑइल पेंट मारायचा. झालं रिस्टोरेशन!" सगळे हसले, मी पण हसले. पण मग वाटलं, रिस्टोरेशन म्हणजे नक्की काय असतं?

होस्टेलवर येऊन शोधलं, तर सगळ्यात सोपं उत्तर मिळालं ते अमेरिकेतल्या एका पेट्रोल पंपाकडून!

नॉर्थ कॅरोलिनामध्ये विन्स्टन-सेलम नावाचं शहर आहे. तिथे १९३० साली क्वालिटी ऑइल या कंपनीने शेलचं पेट्रोल विकायला चक्क शिंपल्याच्या आकाराचा पंप बांधला. गाडीवाल्याला लांबूनच कळणार, बोर्ड वाचायची गरजच नाही. असे एकूण आठ शिंपले त्या भागात होते.

बांधले कसे? ओलं लाकूड वाकवून सांगाडा केला, त्यावर तारा आणि त्यावर काँक्रीटचा गिलावा. आता एक प्रयोग करा. जर्नलचा कागद एका टोकाला धरा, लगेच खाली वाकेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, ताठ राहील. जाडी तीच, ताकद आली ती आकारामुळे. शिंपल्याच्या पन्हळींचं हेच गणित आहे.

पुढे पंप बंद पडला. तिथे गवत कापायच्या मशीन दुरुस्त करायचं दुकान चाललं. बाकीचे सात शिंपले गेले, हा एकटाच उरला. १९७६ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत त्याची नोंद झाली, पण दुरुस्ती व्हायला १९९७ साल उजाडलं. प्रिझर्वेशन नॉर्थ कॅरोलिना या संस्थेने काम हातात घेतलं. खर्च सुमारे ५० हजार डॉलर.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. त्यांनी नवा रंग फासला नाही, जुना खरवडला. पांढऱ्या-पिवळ्या रंगांचे थरावर थर काढले, तेव्हा खाली मूळचा नारिंगी झाक असलेला पिवळा रंग सापडला. गाड्या धुवायची लाकडी जाळीची शेडसुद्धा नीट केली.

हे वाचून मला आमच्या गावचं देऊळ आठवलं. दारावर छोटा गणपती कोरलेला होता, आजी मला उचलून दाखवायची. दर जत्रेला नवा ऑइल पेंट. रंगाने दगडातली ओल बाहेर पडत नाही, मग पापुद्रे सुटतात. कडक सिमेंट भरलं तरी तेच. आता गणपतीच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा आहे. आजी अजूनही तिथे बोट फिरवून नमस्कार करते.

शिवमंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, त्यामुळे तिथे आपला ब्रश चालणार नाही. पण गावोगावची देवळं, वाडे, विहिरी आपल्याच हातात आहेत. तेव्हा सिव्हिलवाल्या मित्रा, उद्या तू इंजिनिअर होशील. डबा उघडायच्या आधी खाली काय आहे ते एकदा बघशील ना?