परतीचा पाऊस : किनारा, घाटमाथा आणि किकवी

पुणे–सातारा महामार्गावर, पुण्याच्या दक्षिणेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर असलेले भोर तालुक्यातील किकवी हे गाव हवामानाच्या दृष्टीने दोन प्रदेशांच्या सांध्यावर वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेस वरंधा घाटाचा डोंगरमाथा, त्यापलीकडे महाड आणि सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर अरबी समुद्र आहे. पूर्वेस पुरंदर-बारामतीकडे पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराच्या आडोशाला पडल्यामुळे कमी पाऊस मिळणारा मुलूख सुरू होतो. त्यामुळे भाद्रपद-आश्विनातील हवामानाचा अंदाज येथे ना कोकणावरून बांधता येतो, ना एकट्या पुणे शहरावरून.

जून ते ऑगस्ट या काळात पावसाची दिशा ठरलेली असते. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पायथ्याच्या वाईला जेमतेम ७०० मिलिमीटरांच्या आसपास. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतही पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना पाऊस याच रीतीने झपाट्याने घटतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात ही घडी विस्कटू लागते. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे सरकतो, वायव्य भारतावरील कमी दाबाचे क्षेत्र विरते आणि मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार पश्चिम राजस्थानातून मान्सून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, तर मुंबईतून माघारीची ८ ऑक्टोबर आहे. वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेतील बाष्प लक्षणीय घटणे आणि वातावरणाच्या खालच्या थरात प्रतिचक्रवात, म्हणजे उच्च दाबाभोवती फिरणारे वारे, प्रस्थापित होणे या तीन खुणा पटल्यावरच माघार सुरू झाल्याचे जाहीर केले जाते.

या संधिकाळात पाऊस संपत नाही, त्याचे स्वरूप पालटते. आभाळ उघडल्याने ओली जमीन सकाळपासून तापते, तिच्यावरील दमट हवा वेगाने वर जाते आणि दुपारनंतर उंच मेघ उभे राहून विजांसह जोराची सर कोसळते. ती एका गावाला झोडपून शेजारच्या गावाला कोरडे ठेवू शकते. दुसरा पाऊस पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांबरोबर येतो, आणि त्यामुळे घाटाआडच्या कोरड्या मुलखालाही भरघोस पाणी मिळते. सोलापूरसारख्या जिल्ह्यात वर्षातील सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, तो यामुळेच. किनाऱ्यावर मात्र पाऊस ओसरताच जमिनीवरून येणारे वारे समुद्रवाऱ्याला उशीर लावतात आणि ऑक्टोबरचा उकाडा जाणवू लागतो; पुणे परिसरात दुपार तापली, तरी कोरड्या हवेमुळे रात्री हळूहळू गार होत जातात.

या पावसाचे उग्र रूप याआधीही दिसले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला आणि याच महामार्गावरील खेड-शिवापूर परिसरातही माणसे वाहून गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्र किनारा ओलांडलेली कमी दाबाची तीव्र प्रणाली तेलंगणामार्गे महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे गेली आणि तिने पुणे-सोलापूर भागात काढणीला आलेल्या पिकांची नासाडी केली.

म्हणून अंदाज तीन पायऱ्यांनी वाचणे हिताचे ठरते. महिन्याचा अंदाज सरासरीपेक्षा कमी वा अधिक पावसाची केवळ संभाव्यता सांगतो. तो विशिष्ट गावाचे भाकीत नसतो. चार-पाच दिवसांच्या जिल्हानिहाय अंदाजात पिवळा, नारंगी आणि लाल हे इशारे चढत्या गांभीर्याने दिलेले असतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘जोरदार’ गणला जातो. गडगडाटी सरींसाठी मात्र पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाजच खरा उपयोगी असतो, आणि विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध आहे.

शेतीच्या दृष्टीने या अंदाजाचे मोल मोठे आहे. लवकर तयार होणारे हळवे भात या सुमारास कापणीला येते, तर उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला दाणा भरण्यासाठी अजून ओल हवी असते. भुईमूग आणि सोयाबीनची काढणी पावसात सापडली तर शेंगांना मोड फुटतात, पण हस्त नक्षत्राचा पाऊस झाला नाही तर रब्बी ज्वारीच्या पेरणीला ओल पुरत नाही. याच वेळी साडेतेवीस अब्ज घनफूट क्षमतेचे भाटघर आणि नीरा देवघर ही भोरमधील धरणे बहुधा काठोकाठ असतात, त्यामुळे एकाच मोठ्या पावसाने विसर्ग वाढवावा लागून नीरा नदी फुगू शकते.

एकच सर एका शेताचे नुकसान करणारी आणि दुसऱ्याचे बियाणे तारणारी असल्यामुळे सरासरीच्या आकड्यावर येथे विसंबता येत नाही. काढलेले पीक आभाळ स्वच्छ दिसते म्हणून शेतात पसरून ठेवू नये, मळणी कोरड्या दिवसांच्या अंदाजानुसार उरकावी, गडगडाट ऐकू येताच झाडाखालून निघून पक्क्या घराचा आसरा घ्यावा आणि ओढ्याचे पाणी रस्त्यावर आलेले असताना ते ओलांडण्याचे धाडस कोणीही करू नये.