'सेंटर' आणि 'केंद्र'

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की वणी, पांढरकवडा, राळेगाव या भागांतील शेतकऱ्यांच्या बोलण्यात 'सेंटर' हा शब्द वरचेवर येतो. शासकीय पत्रकात त्यालाच 'खरेदी केंद्र' म्हणतात. पहिला शब्द परका आणि दुसरा संस्कृत, सबब शुद्ध, असे मानण्याचा प्रघात आहे. तो यथार्थ नाही. दोन्ही शब्द एकाच ग्रीक शब्दापासून निघाले आहेत. वाटा मात्र निराळ्या.

मूळ शब्द 'केंत्रॉन'. 'टोचणे' या अर्थाच्या धातूपासून तो साधलेला असून बैल हाकण्याची पराणी, तिची आर, किंवा कीटकाची नांगी असा त्याचा अर्थ होता. सोफोक्लीझच्या नाटकात रथातील वृद्ध लायस ईडिपसाच्या मस्तकावर प्रहार करतो तो अशाच दुहेरी आरेच्या पराणीने. पुढे वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक एका जागी रोवले जाते त्यालाही, आणि अखेर त्या टोकाने दर्शविलेल्या बिंदूलाही हेच नाव मिळाले. युक्लिडच्या ग्रंथात, म्हणजे इ. स. पूर्व 300 च्या सुमारास, हा अर्थ स्थिरावलेला दिसतो. टोचणारी वस्तू मागे पडली आणि अचल बिंदू उरला. या शब्दाच्या इतिहासातील खरे वळण ते हेच.

येथून एक वाट लॅटिन व फ्रेंचमार्गे 14 व्या शतकात इंग्रजीत गेली. दुसरी तिच्या कित्येक शतके आधी भारतात पोहोचली, तीही फलज्योतिषाबरोबर. ग्रीक ज्योतिषी कुंडलीतील चार प्रमुख स्थानांना हा शब्द लावीत. त्यावरून पहिले, चौथे, सातवे व दहावे स्थान 'केंद्र' ठरले. 6 व्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त याच स्थानांना 'कंटक' अशीही संज्ञा आहे. कंटक हा स्वतंत्र संस्कृत शब्द. तथापि टोचण्याचा मूळ अर्थ तेथे पुन्हा उमटावा, हे लक्षणीय होय. सिद्धांतग्रंथांत तर 'मंदकेंद्र' म्हणजे ग्रहाचे उच्चापासूनचे कोनात्मक अंतर. सत्तेचा वा संस्थेचा त्यात गंधही नाही.

तो अर्थ इंग्रजीच्या सहवासाने आला. वणी येथे जन्मलेले माधव श्रीहरी अणे ज्या सभागृहात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, त्याला मराठीत 'मध्यवर्ती कायदेमंडळ' म्हणत. आज 'मध्यवर्ती' हे विशेषण कारागृह, सहकारी बँक अशा मोजक्या ठिकाणी टिकून आहे. सरकार मात्र 'केंद्र' झाले. संविधानाचा शब्द 'संघ' आहे. संघ म्हटले की घटक एकत्र आल्याचा बोध होतो. केंद्र म्हटले की एक बिंदू आणि भोवती परीघ. व्यवहाराने दुसरा शब्द उचलला, आणि राज्यव्यवस्थेविषयीची एक कल्पनाही त्याबरोबर नकळत उचलली गेली.

1972 मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्याला कायद्याने कापूस विकण्याची जागा म्हणजे केंद्र, असा आणखी एक अर्थ या जिल्ह्याला चांगलाच परिचयाचा झाला. भूमितीत परिघावरील प्रत्येक बिंदू केंद्रापासून समान अंतरावर असतो. खरेदी केंद्राबाबत तसे नव्हते. कोणाला ते कोसावर, तर कोणाला दिवसभराच्या वाटेवर. तेथे गाड्यांची रांग लागे, आणि गाडीवानाच्या हाती पराणी असे.