मुलांना ‘सॉफ्ट प्ले’ला नेताना



शाळांना सुट्ट्या लागल्या, की राहुरीहून नगरला जाणाऱ्या एसटीत लेकुरवाळ्या बायांची गर्दी वाढते. कुणी दवाखान्याला निघालेली असते, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, कुणी माहेरी. अलीकडे त्यात आणखी एक कारण आलं आहे. पोरांनी मोबाइलवर बघितलेलं असतं, शहरातल्या मावसभावंडांनी सांगितलेलं असतं, आणि मग हट्ट सुरू होतो, “आई, मला त्या बॉलच्या हौदात खेळायचंय.” मोठ्या शहरांत मॉलमध्ये आता अशी बंदिस्त खेळघरं दिसतात. पाटीवर कुठे ‘किड्स झोन’ लिहिलेलं असतं, कुठे ‘सॉफ्ट प्ले’. आज त्याबद्दलच बोलू. तिथे काय असतं, मुलाला त्याचा काय उपयोग, आणि नेताना आपण काय बघायचं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा रंग दिसतात. लाल-पिवळ्या-निळ्या गाद्या, फोमचे ठोकळे, चढायला जाळी, रांगत जायला बोगदा, घसरगुंडी, आणि प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूंनी भरलेला हौद. लोखंडी खांब असले तरी त्यांना मऊ आवरण असतं. ही कल्पना फार जुनी नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९७२ साली एरिक मॅकमिलन नावाच्या कलाकाराने मुलांसाठी खेळाचं एक गावच उभं केलं. पुढे १९७६ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या एका बागेत त्याने चेंडूंचा हौद केला. तिथून तो जगभर गेला आणि आता आपल्या मॉलपर्यंत आला.

मऊ गाद्यांचा खरा फायदा काय? मूल पडतं आणि त्याला फारसं लागत नाही. पडलं की उठतं, पुन्हा चढतं. या चढण्या-पडण्यातूनच तोल सांभाळणं येतं, हातापायांत बळ येतं, उडी किती लांब मारायची याचा अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यांत म्हटलं आहे, की १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास तरी हालचाल व्हावी. मोबाइल-टीव्ही दोन वर्षांखालच्या मुलांना नकोच, आणि त्यापुढच्या लहानांना दिवसाला एक तासाच्या आतच. आपल्याकडे मूल गप्प बसावं म्हणून हातात मोबाइल दिला जातो. त्याला खरी गरज असते ती धावण्याची.

आणि हे मुलीलाही तितकंच लागू आहे बरं का. “मुलीच्या जातीने उड्या मारू नयेत,” असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. तीन वर्षांच्या मुलीची हाडंही उड्या मारूनच बळकट होतात. तिला फ्रॉकऐवजी लांब पायांची सैल विजार घाला, म्हणजे ती मोकळी चढेल आणि घसरगुंडीवर कातडीही सोलवटणार नाही.

आता निघण्याआधीची तयारी.

आधी फोन करून चौकशी करा. बहुतेक ठिकाणी तिकीट तासावर असतं. शनिवार-रविवारी दर वाढतो. मोजे सक्तीचे असतात आणि ते तिथेच विकत घ्यावे लागतात. आईला आत सोडतात का, तिचं वेगळं तिकीट आहे का, घरचा डबा चालतो का, हेही विचारा. तिकीट, मोजे, गाडीभाडं आणि खाणं यांची बेरीज घरीच करा. नाहीतर दारात गेल्यावर पर्स चाचपत बसायची वेळ येते आणि मूल तोंडाकडे बघत राहतं. शक्यतो सोमवार ते शुक्रवार सकाळी जा. गर्दी कमी, धक्काबुक्की कमी.

मुलाच्या अंगावरचं सगळं उतरवा. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी, कानातलं लोंबतं डूल, हातातल्या बांगड्या, केसांच्या टोकदार पिना, डोक्यावरच्या टोपीची नाडी. जाळीवर चढताना गळ्यातला दोरा अडकला आणि पाय सुटला, तर फास बसतो. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला दोरा तासाभरासाठी सोडला तर काही बिघडत नाही. घरी आल्यावर पुन्हा बांधता येतो. आपणही आत जाणार असलो तर पदराच्या, ओढणीच्या आणि मंगळसूत्राला लावलेल्या सेफ्टीपिना काढून ठेवू.

ताप, जुलाब, खरूज, अंगावर पुरळ किंवा डोळे आलेले असतील तर जाणं पुढे ढकला. शंभर मुलांचे हात एकाच चेंडूला लागतात. आपलं मूल आजार घेऊन येऊ नये, तसंच देऊनही येऊ नये. खेळून झाल्यावर खाण्याआधी साबणाने हात धुवायचेच. हौदातले चेंडू किती दिवसांनी धुता, हा प्रश्न तिथे बेधडक विचारा.

दारात पोचल्यावर तिकीट काढायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा. हे मी का सांगते? २५ मे २०२४ रोजी गुजरातेत राजकोट इथे एका गेम झोनला आग लागली. उन्हाळ्याची सुट्टी, शनिवारचा दिवस, आत गर्दी. २७ माणसं दगावली, त्यांत मुलंही होती. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता, हे नंतर बाहेर आलं. फोम, प्लॅस्टिक, रेक्झिन ही आग पटकन पकडणारी वस्तू. म्हणून बघायचं ते एवढंच. बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का? त्याला कुलूप किंवा पुढे खोकी तर नाहीत? आग विझवायचे लाल नळकांडे भिंतीवर आहेत का? वेल्डिंग, वायरिंग असं काही काम चालू आहे का? दुसरा दरवाजा नसेल किंवा काम चालू असेल, तर मूल कितीही रडलं तरी परत फिरा. बाहेर कुल्फी द्या, बागेत न्या.

कधी कधी दारात एका कागदावर सही मागतात. तो बहुधा इंग्रजीत असतो. “मुलाला काही लागलं तर जबाबदारी आमची नाही,” अशा अर्थाचं त्यात लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर “मराठीत सांगा” म्हणायचं. नियमांची पाटी इंग्रजीत असेल तर तीही वाचून घ्यायची. आपण गावाकडच्या म्हणून बावरायचं कारण नाही. तिकिटाचे पैसे मोजलेत, तर विचारायचा हक्क आपला आहे. पावतीही मागून घ्या.

आता आतल्या गोष्टी.

पहिली गोष्ट म्हणजे वय. दीड-दोन वर्षांच्या लेकरांची जागा वेगळी असेल तरच त्यांना आत सोडा. आठ-नऊ वर्षांचं पोर धावत येऊन आदळलं, तर मऊ गादी काही कामाची नाही.

दुसरी गोष्ट घसरगुंडीची. पोर घाबरतं म्हणून आपण त्याला मांडीवर घेऊन घसरतो. आपल्याला वाटतं, हेच सुरक्षित. खरं उलटं आहे. घसरताना लहानग्याचा पाय कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो, वरून आपल्या अंगाचा भार जोराने खाली येत असतो, आणि नडगीचं हाड मोडतं. मूल एकटं घसरलं असतं, तर पाय अडकल्यावर तिथेच थांबलं असतं. म्हणून एकट्याने घसरू द्या, आपण खाली थांबा. घाबरत असेल तर छोटी घसरगुंडी निवडा.

तिसरी गोष्ट ट्रॅम्पोलीन, म्हणजे उड्या मारायची ताणलेली चादर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं, की सहा वर्षांखालच्या मुलांना त्यावर सोडूच नये. त्यावर होणाऱ्या दर चार दुखापतींपैकी सुमारे तीन दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, आणि जास्त लागतं ते सगळ्यांत लहान मुलाला. मोठ्याची उडी पडली की हलकं मूल चेंडूसारखं उडतं. तेव्हा एका वेळी एकच मूल, कोलांटी नाही, आणि लहानग्यांना त्यावर नाहीच.

चौथी गोष्ट, तोंडात काही नको. शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या, च्युइंगगम चघळत उड्या मारल्या तर घास श्वासनलिकेत जातो. चेंडूंचे फुटके तुकडे दिसले तर उचलून तिथल्या माणसाच्या हातात द्या.

पाचवी गोष्ट लक्षाची. पाच-सहा जणी मिळून गेलो, की गप्पा रंगतात आणि सगळ्यांचं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही, असं होतं. म्हणून पाळी लावा. पहिली वीस मिनिटं हिची, पुढची वीस तिची. तिने फोन हातात घ्यायचा नाही. “तिथे मदतनीस मुलगी आहे, तोवर साड्या बघून येऊ,” हे तर अजिबात नको. मुलाच्या खिशात आपल्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवा आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा.

मूल डोक्यावर पडलं आणि नंतर उलटी झाली, झोपाळलं, गोंधळल्यासारखं वागू लागलं, तर घरी जाऊन बघू म्हणू नका. सरळ दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.

काही मुलं आत जायला तयारच होत नाहीत. मोठं संगीत, लखलखते दिवे, अनोळखी पोरं यांनी बावरतात. “एवढे पैसे भरलेत, जा!” म्हणून ढकलू नका. कडेला बसून दहा मिनिटं बघू द्या. आपलं आपण उतरलं तर ठीक, नाही उतरलं तरी ठीक. निघायची वेळ झाली की एकदम हात धरून ओढू नका. “अजून दोनदा घसर, मग निघायचं,” असं आधी सांगितलं की रडारड कमी होते.

मैत्रिणींनो, हे सगळं झालं वर्षातून एखाद्या दिवसाचं. उरलेल्या दिवसांचं काय? रोजचे तीन तास मॉलमध्ये विकत घेणं कुणालाच परवडणार नाही. इथे मला ताराबाई मोडक आठवतात. त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन १९४५ साली बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ पासून ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर चाललं. शहरी बालवाडीतली महागडी साधनं तिथे कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं यांचीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या ‘अंगणवाडी’चं मूळ तिथलं आहे.

मग आपणही तसंच करू. जुन्या गोधड्या आणि गाद्या एकावर एक रचल्या की उडी मारायला जागा झाली. पोत्यात चिंध्या गच्च भरून तोंड शिवलं की ठोकळा झाला. फ्रीजच्या दोन खोक्यांची तोंडं जोडली की बोगदा. चाळलेल्या वाळूचा ढीग तर आपल्याकडे कुणाच्याही बांधकामावर असतो, फक्त त्यात खिळे-काचा नाहीत हे बघायचं. साडीचा झोका मात्र लहान मुलाला एकटं सोडून बांधून ठेवू नका. पीळ बसून गळ्याला फास लागू शकतो.

आणखी एक काम गटाने करायचं आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत उभं राहून विचारा, “गेल्या वर्षी हे पैसे कशावर खर्च झाले?” आणि मागणी मांडा. अंगणवाडीला जाड मऊ चटया, एक बुटकी घसरगुंडी, अंगणाला कुंपण, आणि पडलं तर लागू नये म्हणून खाली वाळू. ठरावात लिहून घ्या, त्याची नक्कल गटाच्या दप्तरात ठेवा.

नगरला सहल नक्की काढा. पोरं खूश होतील आणि आपल्यालाही कळेल, की मूल मनसोक्त चढतं-पडतं तेव्हा कसं दिसतं. ते एकदा डोळ्यांनी बघितलं, म्हणजे अंगणवाडीसाठी काय मागायचं, हे सभेत कुणी आपल्याला शिकवायला नको.

पुढच्या बैठकीत या तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावात पाच वर्षांखालची मुलं रोज कुठे खेळतात? ती जागा रस्ता, विहीर आणि शेततळ्यापासून किती लांब आहे? आणि मुलींना तिथे मुलांइतकंच खेळायला मिळतं का?