शहाळं आणि छातीची पट्टी

तेल्हाऱ्यात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. हिवरखेडकडे केळीच्या बागा, त्यामुळे फणीभर केळी, नाहीतर शहाळं. ज्याच्या किडन्या थकल्यात त्याच्या जिवावर हीच माया बेतते.

काकांचं एक डायलिसिस हुकलं होतं. पाय लुळे, नाडी मंद. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "जेवन कुठचं जी, नारळपानीच देऊन राह्यलो."

ईसीजीची पट्टी सेकंदाला 25 मिलिमीटरने सरकू लागली. ठोक्यामागून येणारी टी-लाट एरवी बुटकी, पसरट. इथे ती तंबूसारखी टोकदार. पी-लाट जवळपास बुजलेली. रक्ताच्या रिपोर्टसाठी डॉक्टर थांबले नाहीत. कॅल्शियम ग्लुकोनेट, 10 मिलिलिटर, शिरेतून अगदी सावकाश, नजर मॉनिटरवर. काही मिनिटांत टोकं बसू लागली. रिपोर्ट मागाहून आला: पोटॅशियम 7.2. असावं 3.5 ते 5.

शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आतबाहेरच्या या तफावतीवरच हृदयाची वीज चालते. किडनीने जादाचं बाहेर टाकलं नाही की ते रक्तात साचतं, तफावत घटते, ठोका अडखळतो आणि हृदय बंदही पडतं. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही. ते हृदयाला अर्धा-पाऊण तास सांभाळून धरतं. तेवढ्यात इन्शुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकलायचं. शरीराबाहेर काढायला मात्र डायलिसिसच.

कॅल्शियमची ही करामत पाण्यामुळेच कळली. 1883 मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांनी दाखवलं, की बेडकाचं हृदय निव्वळ मिठाच्या द्रावणात फार वेळ चालत नाही. आधीच्या प्रयोगात ते चाललं ते नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमवर.

इकडे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराचं नाव निघालं की लोक बोअरच्या पाण्याकडे बोट दाखवतात. वान धरणाचं पाणी पोचलं तिथे सुटल्यासारखं वाटतं, आणि ते साहजिकच आहे. पण काकांच्या पट्टीवरचं टोक त्या खारटपणाचं नव्हतं; खारपाणात जोर सोडियमचा. पोटॅशियम आलं शहाळ्यातून, आणि तुंबलं किडनीपाशी.

जाताना डॉक्टरांनी काकूंना बजावलं: आलू चिरून भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी फेका, रस्सा करू नका. आणि 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं मीठ घरात नको. त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियमच घातलेलं असतं. काकूंनी लगेच मुलाला फोन लावला. तसलं एक पाकीट त्याने गेल्याच आठवड्यात, वडिलांच्या बीपीसाठी म्हणून, आणून ठेवलं होतं.