गेवराईची बाजारपेठ ऑनलाइन कशी झाली

गेवराईच्या दुकानदाराने ऑनलाइन व्यवहार धरला तो विक्रीसाठी नव्हे, वसुलीसाठी. मागच्या दशकाचा हिशेब मांडताना मला हीच बाब सगळ्यांत मोलाची वाटते.

दसरा झाला की तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे म्हातारी माणसं राहतात, किराणा खात्यावर चालतो आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, वहीतला हिशेब मिटतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. 8 नोव्हेंबरला, ऐन कापसाच्या हंगामात, नोटाबंदी आली. तरी नोटा परतल्या तसा बाजार रोखीवर परतला. खरा बदल यूपीआय हातोहाती गेल्यावर झाला. जानेवारी 2020 पासून या व्यवहारावर दुकानदाराला शुल्कही उरलं नाही. फडावरच्या मुलाला घरच्या किराण्याचे पाचशे रुपये थेट दुकानात टाकता येऊ लागले. तुंबलेली उधारी थोडी थोडी सुटत असेल, तर गल्ल्यावर क्यूआर कोड कोण लावणार नाही?

इयाकोवू, बेनबासाट आणि डेक्स्टर या अभ्यासकांनी 1995 मध्ये कॅनडातले लहान उद्योग इलेक्ट्रॉनिक व्यवहार का स्वीकारतात याची तीन कारणं मांडली होती: दिसणारा फायदा, स्वतःची तयारी आणि बाहेरचा रेटा. आपल्याकडे रेटा आधी आला, तयारी त्यामागून झाली.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत तो रेटा दारातच उभा राहिला. वहीच्या पानावर लिहिलेली यादी, तिचा व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, ‘तूरडाळ नाही, मूग देऊ का?’ असा उलट निरोप, आणि पिशवी भरली की फोन. आमच्या भागातलं ई-कॉमर्स ते हेच. त्यात ओळख होती, म्हणून विश्वासाचा प्रश्न आला नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारात माल लावायला मात्र लहान व्यापारी बिचकला, आणि त्याला भित्रा म्हणणं अन्याय होईल. एप्रिल 2019 पासून मालाच्या दुकानाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नव्हती. तोच माल ऑनलाइन बाजारात विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. परत आलेल्या पार्सलचा भुर्दंड वेगळाच. 1 ऑक्टोबर 2023 पासून ही सक्ती सैल झाली, पण राज्यापुरतीच. गेवराईची साडी आता नोंदणीशिवाय पुण्याला जाते, हैदराबादला जात नाही. ही अटही निघायला हवी.